चेहऱ्याचा रक्तिमा

चेहऱ्याच्या त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे गाल, नाक, कपाळ व हनुवटी यांवर जी तात्पुरती वा कायमची लाली दिसते, तिला चेहऱ्याचा रक्तिमा म्हणतात. हा स्वतंत्र रोग नसून अनेक भिन्न अवस्थांचे समान लक्षण आहे. लाजेने वा रागाने क्षणभर लाल होणारा निरोगी चेहरा, उन्हाने भाजलेली त्वचा, रोझेशिया हा चिरकारी त्वचाविकार, ल्यूपससारखा सर्व शरीराला ग्रासणारा रोग आणि मलमांच्या गैरवापराने बिघडलेली त्वचा या सर्वांत डोळ्यांना दिसणारा रंग एकच असतो. रक्तिमा म्हणजे त्वचेवर चढलेला डाग नव्हे. अर्धपारदर्शक त्वचेतून दिसणारे ते रक्तच असते. त्यामुळे तो घासून, धुऊन वा विरंजक लेप लावून काढता येत नाही, आणि तसे करण्याच्या प्रयत्नात बहुधा वाढतो. रक्तिम्याच्या चिकित्सेतील बहुतेक यशापयश या एका गोष्टीच्या आकलनावर अवलंबून असते.

लाली कशी येते : त्वचेला रक्तपुरवठा करणाऱ्या केशवाहिन्यांची वेटोळी अंतस्त्वचेच्या वरच्या थरात असून त्यांखाली सूक्ष्म नीलांचे जाळे पसरलेले असते [⟶ त्वचा]. त्वचेच्या पोषणासाठी लागणाऱ्या रक्ताच्या मानाने या जाळ्यातून वाहणारे रक्त पुष्कळच अधिक असते, कारण शरीरातील जादा उष्णता बाहेर टाकणे हे या वाहिन्यांचे दुसरे मोठे कार्य आहे. चेहऱ्यावर, विशेषतः गालांवर, त्या इतर भागांपेक्षा संख्येने अधिक, अधिक रुंद व पृष्ठभागाच्या अधिक जवळ असतात. म्हणून शरीरात अन्यत्र न दिसणारा बदल चेहऱ्यावर तत्काळ उमटतो. या वाहिन्यांचा विस्फार घडवून आणणारे तंतू मानेतील अनुकंपी तंत्रिकांवाटे येतात. एका बाजूची ही तंत्रिका निकामी झाल्यास व्यायामानंतर चेहऱ्याची तेवढी बाजू कोरडी व फिकट राहते आणि दुसरी बाजू लाल व घामेजलेली दिसते.

तंत्रिकांमार्फत येणाऱ्या लालीबरोबर घामही येतो. ताप, श्रम, मनःक्षोभ आणि ऋतुनिवृत्तीच्या काळातील उष्म्याचे झटके ही तिची उदाहरणे होत. याउलट एखादा रासायनिक पदार्थ वाहिन्यांच्या भित्तींवर प्रत्यक्ष क्रिया करतो तेव्हा चेहरा लाल होतो, पण घाम येत नाही. नायासिन, हृदयशूलावरील नायट्रेटे, रक्तदाबावरील ॲम्लोडिपीनसारखी औषधे आणि मद्य यांनी येणारी लाली या दुसऱ्या प्रकारची असते. ‘लाली येते तेव्हा घाम येतो का?’ हा वैद्याचा साधा प्रश्न म्हणूनच निदानाला उपयोगी पडतो.

चार्ल्स डार्विन यांनी १८७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भावाभिव्यक्तीवरील ग्रंथात लज्जेने येणाऱ्या लालीला एक संपूर्ण प्रकरण वाहिलेले आहे. काळ्या वर्णाच्या माणसांनाही लाली येते, मात्र ती सहज दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्वचारोगविज्ञानाने मात्र हे सत्य दीर्घकाळ दुर्लक्षित ठेवले. रक्तिम्याची पाठ्यपुस्तकांतील वर्णने व चित्रे गोऱ्या युरोपीय चेहऱ्यांवरून तयार झाली आणि रोझेशियासारखे विकार गोऱ्यांनाच होतात, असा समज रूढ झाला. टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये सुचविलेल्या वर्गीकरणात उन्हाला मिळणाऱ्या प्रतिसादावरून त्वचेचे सहा प्रकार पाडले जातात. भारतीयांची त्वचा बहुधा त्यांतील तिसऱ्या ते सहाव्या प्रकारांत मोडते. अशा त्वचेत मेलॅनीन या रंजकद्रव्याच्या थराखालील रक्ताचा रंग लाल न दिसता तांबूस-तपकिरी, जांभळट किंवा नुसताच काळवंडलेला दिसतो. रुग्णाची तक्रारही ‘चेहरा लाल होतो’ अशी नसून ‘चेहऱ्याची आग होते’, ‘गाल तापतात’, ‘काही लावले की चुरचुरते’ अशी असते. ‘चेहरा काळा पडला’ असे समजून वर्ण उजळविणारी मलमे लावण्याकडे अशा व्यक्तीचा कल होतो आणि तिच्या खऱ्या त्रासाला तेथूनच प्रारंभ होतो. स्वच्छ दिवसाउजेडी गालाची कानामागील त्वचेशी तुलना करणे, हाताच्या पालथ्या बाजूने गालाची उष्णता अजमावणे आणि पारदर्शक काचपट्टी त्वचेवर दाबून पाहणे या साध्या गोष्टी येथे उपयुक्त ठरतात. काचेखाली रंग फिका पडला तर रक्त वाहिन्यांत आहे असे समजावे. रंग तसाच राहिला तर रक्त वाहिन्यांबाहेर झिरपले असण्याचा किंवा तो रंग मेलॅनिनाचा असण्याचा संभव असतो.

रोझेशिया : चेहऱ्याच्या टिकून राहणाऱ्या रक्तिम्याचे हे एक सर्वाधिक आढळणारे कारण होय. नाव ‘गुलाबी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पडले आहे. चौदाव्या शतकातील फ्रेंच शल्यचिकित्सक गी द शोल्याक यांच्या लेखनात त्याचा उल्लेख ‘गूत रोझ’ (गुलाबी थेंब) या नावाने येतो. दोमेनीको गिर्लांदायो या इटालियन चित्रकाराने १४९० च्या सुमारास काढलेले वृद्ध व त्याचा नातू यांचे चित्र पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे. त्यातील वृद्धाचे गाठाळ, फुगलेले नाक हे या रोगाच्या वाढलेल्या अवस्थेचे हुबेहूब चित्रण मानले जाते. अमेरिकन धनाढ्य जे. पी. मॉर्गन (१८३७–१९१३) यांनाही हाच विकार होता आणि त्यांच्या छायाचित्रांतील नाकावर सुधारणेचा हात फिरविला जाई.

रोग बहुधा तिशीनंतर सुरू होतो. स्त्रियांत तो अधिक आढळतो, मात्र नाक जाडजूड होण्याचा प्रकार मुख्यतः पुरुषांत दिसतो. प्रथम लालीचे झटके येतात व जातात. पुढे त्यांची वारंवारता वाढून चेहऱ्याच्या मध्यभागी कायमचा रक्तिमा ठाण मांडतो, गालांवर व नाकाच्या कडेला विस्फारित केशवाहिन्यांच्या रेषा उमटतात आणि पुष्कळांत लहान लाल पुटकुळ्या व पूयिका येतात. तारुण्यपीटिकांशी त्यांचे साम्य असले, तरी तारुण्यपीटिकांत हमखास आढळणारी काळ्या टोकाची बंद छिद्रे येथे नसतात. २००२ मध्ये अमेरिकेतील तज्ञसमितीने रोगाचे चार उपप्रकार ठरविले होते. परंतु एकाच रुग्णात अनेक उपप्रकार एकत्र नांदत असल्यामुळे २०१७ मध्ये ते मागे पडून प्रत्येक रुग्णातील प्रत्यक्ष लक्षणांनुसार वर्णन करण्याची पद्धत स्वीकारण्यात आली.

पुष्कळ रुग्णांत डोळेही सापडतात. पापण्यांच्या कडा लाल होतात, डोळ्यांत कचकच व कोरडेपणा जाणवतो, रांजणवाडी वारंवार होते. कधीकधी नेत्रलक्षणे त्वचेवरील लक्षणांच्या आधीच प्रकट होतात, व मग रुग्ण वर्षानुवर्षे केवळ डोळ्यांत थेंब घालीत राहतो. दुर्लक्ष झाल्यास स्वच्छमंडलाला इजा होऊन दृष्टी अधू होऊ शकते. म्हणून रक्तिम्याच्या प्रत्येक रुग्णाला डोळ्यांविषयी विचारणे आवश्यक असते.

रोगाचे कारण एकच एक नाही. जुळ्यांच्या एका अभ्यासात (२०१५) त्याच्या संभाव्यतेतील सुमारे निम्मा वाटा आनुवंशिकतेचा आढळला. अशा व्यक्तीच्या त्वचेतील जन्मजात रोगप्रतिकार यंत्रणा अतिदक्ष असते. कॅथेलिसिडीन हे सूक्ष्मजंतूंचा नाश करणारे प्रथिन या त्वचेत अधिक प्रमाणात असते व त्याचे एका एंझाइमामुळे होणारे विघटनही वेगळे असते; त्यातून निर्माण होणारे तुकडे शोथ (दाहयुक्त सूज) उत्पन्न करतात व नव्या वाहिन्यांच्या वाढीला चालना देतात, असे २००७ मध्ये दाखविण्यात आले. डेमोडेक्स फॉलिक्युलोरम या किडीचाही संबंध येतो. सुमारे ०·३ ते ०·४ मिमी. लांबीची ही कीड प्रौढ माणसाच्या केसांच्या पुटकांत जवळजवळ सर्वत्र निरुपद्रवीपणे राहते. गुस्टाफ झिमॉन या जर्मन वैद्यांनी तिचे वर्णन १८४२ मध्ये केले. रोझेशियाच्या त्वचेत तिची संख्या पुष्कळ वाढलेली असते. तिच्या तेथील अस्तित्वावरून अस्वच्छतेचा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे आहे. लाल नाक म्हणजे मद्यपीची खूण हा लोकभ्रमही तितकाच अन्यायकारक होय. मद्याने लालीचा झटका येतो हे खरे, पण मद्याला कधीही स्पर्श न केलेल्यांनाही हा रोग होतो, आणि या समजुतीमुळे अनेकांना विनाकारण लोकापवाद सोसावा लागला आहे.

लालीला चेतावणी देणाऱ्या गोष्टींत ऊन, उष्णता, वारा, मानसिक ताण, मद्य आणि तिखट हे प्रमुख आहेत. मिरचीतील कॅप्सेसीन तंत्रिकाग्रांवरील ज्या ग्राहीवर क्रिया करते तोच ग्राही उष्णतेनेही उद्दीपित होतो. हा शोध १९९७ मध्ये डेव्हिड जूलियस यांच्या प्रयोगशाळेत लागला व जूलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तिखट आमटीने गाल तापणे व चुलीच्या धगीने गाल तापणे या दोन गोष्टी त्वचेच्या दृष्टीने जवळजवळ एकच आहेत. चहा-कॉफीविषयीचा समज मात्र तपासून पाहण्याजोगा आहे. जॉनाथन विल्किन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रोझेशियाच्या रुग्णांना ६०° से. तापमानाची कॉफी, त्याच तापमानाचे साधे पाणी, २२° से. तापमानाची कॉफी आणि नुसते कॅफीन दिले. गरम कॉफी व गरम पाणी यांनी सारखीच लाली आली. थंड कॉफीने व कॅफिनाने आली नाही. दोष पेयाचा नसून त्याच्या तापमानाचा ठरला. तेव्हा रुग्णाला चहा तोडण्यास सांगण्यापेक्षा तो निववून पिण्यास सांगावे.

इतर कारणे : रक्तिम्याचे निदान करताना काही अवस्था आवर्जून वगळाव्या लागतात. त्वक्‌स्नेहयुक्त त्वचाशोथात लाली नाकाच्या बाजूच्या घड्यांत व भुवयांत असून तिच्यावर पिवळसर, तेलकट कोंडा असतो. प्रसृत ल्यूपसमध्ये दोन्ही गाल व नाकाचा दांडा यांवर फुलपाखराच्या आकाराचा पुरळ उठतो, परंतु नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी तो बहुधा सोडून देतो. तरुण स्त्रीमध्ये अशा पुरळाबरोबर सांधेदुखी, तोंडात व्रण, केस गळणे वा अंगावर सूज असल्यास रक्त व मूत्र यांची तपासणी विनाविलंब करावी, कारण मूत्रपिंडांना धोका असतो. एका बाजूला अचानक आलेली, तप्त, दुखरी व कडा उंचावलेली लाली आणि जोडीला थंडीताप ही धावऱ्याची लक्षणे होत व त्यावर प्रतिजैव औषधांची तातडीने गरज असते. चेहऱ्यावरील जुना चट्टा एकाएकी लाल होऊन सुजल्यास कुष्ठरोगातील प्रतिक्रियेची शंका घ्यावी. चेहऱ्यावर तंत्रिका विपुल असल्याने बधिरपणा जाणवेलच असे नाही [⟶ कुष्ठरोग].

महाराष्ट्रात गाजर गवताचा विचार करावाच लागतो. मूळच्या अमेरिका खंडातील या तणाकडे १९५५ च्या सुमारास पुण्याच्या परिसरात प्रथम लक्ष गेले व पुढे ते देशभर पसरले. त्यातील पार्थेनीन या द्रव्याची अधिहर्षता (ॲलर्जी) असणाऱ्या व्यक्तीत वाऱ्याबरोबर उडणाऱ्या सुक्या कणांनी चेहरा, पापण्या, मान व कोपरांच्या घड्या लाल होऊन खाजतात आणि पुढे त्वचा जाड व काळसर होते. उन्हाच्या विकारापासून हा त्वचाशोथ ओळखण्याची एक खूण आहे : ऊन पापण्यांच्या घड्या, कानांच्या मागची बाजू व हनुवटीखालचा भाग यांना सोडते, वाऱ्याबरोबर आलेले कण सोडीत नाहीत. शेतात काम करणारा असा रुग्ण परगावी राहिल्यास बरा होतो व परतल्यावर पुन्हा बिघडतो. केसांचे कलप, सुगंधी द्रव्ये आणि कुंकवातील रंग यांनीही असा त्वचाशोथ होतो. खाज ही त्या सर्वांची मुख्य तक्रार असते, तर रोझेशियात खाजेपेक्षा आग अधिक.

स्टेरॉइड मलमांनी बिघडलेला चेहरा : भारतात आज ज्या रक्तिम्याची सर्वाधिक चिंता वाटावी तो निसर्गाने दिलेला नसून नळीतून आलेला आहे. हायड्रोकॉर्टिसोन मलमाचा त्वचाशोथावरील गुण १९५२ मध्ये सिद्ध झाला आणि त्यानंतर त्याहून कितीतरी तीव्र स्टेरॉइडे तयार झाली. योग्य रोगात, योग्य काळापुरती ती अमोलच आहेत. परंतु रक्तवाहिन्यांचे आकुंचन हा त्यांचा अंगभूत गुण आहे. किंबहुना १९६२ पासून त्यांची तीव्रता मोजण्याची एक प्रमाण कसोटी हीच आहे, की औषध लावलेली त्वचा किती फिकट पडते. लाल वा काळवंडलेल्या चेहऱ्यावर असे मलम लावताच दोनचार दिवसांत चेहरा उजळ व नितळ दिसू लागतो. हे दिसणे हाच सापळा होय.

चेहऱ्याची त्वचा पातळ असल्याने औषध तिच्यातून फार लवकर शोषले जाते. हाताच्या पुढील भागातून होणारे हायड्रोकॉर्टिसोनाचे शोषण एक मानल्यास कपाळातून ते सुमारे सहा पट व जबड्याच्या कोनाजवळ तेरा पट होते, असे १९६७ मधील मापनात आढळले. काही आठवड्यांच्या वापरानंतर त्वचा आणखी पातळ होते, वाहिन्यांना असलेला आधार जातो, केशवाहिन्यांचे जाळे उघडे पडते, पुटकुळ्या येतात आणि स्त्रियांच्या चेहऱ्यावर लव वाढते. मलम थांबविताच आवळून धरलेल्या वाहिन्या एकदम सैल होतात. चेहरा लालबुंद होतो, सुजतो, त्याची असह्य आग होते, आणि पुन्हा मलम लावल्याखेरीज चैन पडत नाही. अशा रीतीने रोगी औषधाच्या अधीन होतो. रोझेशियाच्या रुग्णांवर तीव्र स्टेरॉइडांचा होणारा हा दुष्परिणाम इंग्लंडमध्ये स्नेडन यांनी १९६९ मध्येच निदर्शनास आणला होता. भारतात या अवस्थेला ‘स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा’ अशा अर्थाचे स्वतंत्र इंग्रजी नाव २००८ मध्ये कौशिक लाहिरी व अरिजित कुंडू यांनी दिले.

प्रश्नाची व्याप्ती २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री पाहणीवरून कळते. १२ केंद्रांतील चेहऱ्याच्या त्वचाविकारांचे २,९२६ रुग्ण तपासले असता त्यांतील ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड मलम लावीत असल्याचे आढळले. त्यांपैकी २५७ जणांना ते डॉक्टरांव्यतिरिक्त इतर कोणीतरी सुचविले होते, आणि १२६ जण ते गोरेपणासाठी, नित्याचे मलम म्हणून किंवा दाढीनंतर लावीत होते. मेलॅनीन कमी करणारे हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन व एक स्टेरॉइड यांचे मिश्रण वांगावर थोड्या काळासाठी देण्याची पद्धत १९७५ पासून रूढ आहे. तशी मिश्रणे वर्षानुवर्षे ‘फेअरनेस क्रीम’ म्हणून वापरली जातात, तर गजकर्णावरील तीव्र स्टेरॉइडयुक्त मिश्रणे घरातील सर्वांच्या सर्व पुरळांवर फिरतात. मार्च २०१८ मध्ये केंद्र शासनाने १४ स्टेरॉइडांच्या बाह्योपचाराच्या मलमांना असलेली सवलत काढून ती चिठ्ठीवाचून विकता न येणाऱ्या औषधांच्या ‘एच’ परिशिष्टात आणली. मात्र गोऱ्या वर्णाचा हव्यास कोणत्याही परिशिष्टाने कमी होणारा नाही. नळीवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव छापलेले असल्यास ते चेहऱ्यावरचे प्रसाधन नव्हे, एवढे तरी प्रत्येक घरात ठाऊक असले पाहिजे.

मलम सोडविणे हे काम धीराचे आहे. तीव्र मलम दीर्घकाळ वापरलेले असल्यास काही तज्ञ सौम्य मलमावर आणून अंतर वाढवीत नेतात, काही एकदम थांबवितात. दोन्ही मार्गांत पहिले काही आठवडे चेहरा पूर्वीपेक्षा वाईट दिसतो. ही सूचना रुग्णाला व घरच्यांना आधीच दिलेली नसेल, तर औषध बाधले असे समजून तो दुसरीकडे जातो व तेथे त्याच्या हाती पुन्हा तेच मलम नव्या नावाने पडते. या काळात गार पाण्याच्या घड्या, साधे पांढरे व्हॅसलीन वा गंधहीन स्निग्ध लेप, टॅक्रोलिमस वा पायमेक्रोलिमस हे स्टेरॉइडविरहित शोथरोधक मलम आणि पुटकुळ्या असल्यास डॉक्सिसायक्लीन यांचा उपयोग होतो. त्वचा सावरण्यास कित्येक महिने लागू शकतात, आणि विस्फारलेल्या काही वाहिन्या कायमच्या राहतात.

चिकित्सा व निगा : कारण कोणतेही असो, लाल होणाऱ्या चेहऱ्याला प्रथम विश्रांती द्यावी. पुष्कळ रुग्ण तपासणीला येतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर साबण, उटणे, लिंबाचा रस, बेसन, टूथपेस्ट, वाफारा व ब्लीच यांचे प्रयोग होऊन गेलेले असतात. बाह्यत्वचेचा सर्वांत वरचा थर हा भिंतीवरील गिलाव्यासारखा असून तो खरवडला गेला की आतील ओलावा निघून जातो व बाहेरचे उत्तेजक पदार्थ आत शिरतात. म्हणून हे सर्व बंद करून दिवसातून दोनदा कोमट-गार पाण्याने व सौम्य, फेस न करणाऱ्या द्रवाने चेहरा धुवावा, मऊ फडक्याने टिपावा (पुसू नये) आणि त्वचा किंचित ओलसर असतानाच सुगंधरहित स्निग्ध लेप लावावा. केवळ एवढ्यानेच दोनतीन आठवड्यांत आग निम्म्यावर आल्याचे अनेकदा दिसते. नवे प्रसाधन आधी कानामागे किंवा मानेवर काही दिवस लावून पाहावे.

उन्हापासून संरक्षण हा दुसरा आधारस्तंभ होय. झिंक ऑक्साइड वा टायटॅनियम डाय-ऑक्साइड असलेले, ३० वा त्याहून अधिक संरक्षणांकाचे मलम रोझेशियाच्या त्वचेला सामान्यतः मानवते. हा संरक्षणांक दर चौ. सेंमी.ला २ मिग्रॅ. एवढ्या जाड थरावर मोजलेला असतो. प्रत्यक्षात लोक त्याच्या निम्माही थर देत नाहीत. छत्री, टोपी व पदर यांची सावली म्हणूनच तितकीच महत्त्वाची. स्वयंपाकघराची धग हाही उन्हाचाच भाऊ समजावा. भाकरी भाजताना चेहरा चुलीच्या वा शेगडीच्या थेट समोर न धरणे, खिडकी उघडी ठेवणे, फोडणीच्या वेळी बाजूला होणे या गोष्टी क्षुल्लक वाटल्या, तरी रोज दोन वेळा घडणाऱ्या असल्याने परिणामकारक असतात. प्रत्येकाचे चेतावणारे कारण निराळे असते. दोन आठवडे रोजच्या नोंदी ठेवून ते शोधावे व तेवढेच टाळावे. सरसकट पथ्याची लांब यादी कोणाच्याही हातून पाळली जात नाही आणि तिची गरजही नसते.

रोझेशियातील पुटकुळ्यांवर मेट्रोनिडाझोल (०·७५ टक्के), ॲझेलेइक अम्ल (१५ टक्के) व आयव्हरमेक्टीन (१ टक्का) ही बाह्योपचाराची औषधे प्रभावी ठरली आहेत. त्यांतील आयव्हरमेक्टीन किडींची संख्या घटविते व शोथही कमी करते. या औषधांचा गुण दिसण्यास चार आठवडे व पूर्ण परिणामास सुमारे तीन महिने लागतात. आठवड्याभरात औषध बदलणे व्यर्थ होय. मध्यम व तीव्र रोगात डॉक्सिसायक्लीन पोटात देतात. ४० मिग्रॅ. या अल्प मात्रेत ते जंतुनाशक म्हणून नव्हे, तर शोथ शमविणारे म्हणून कार्य करते. गरोदर स्त्रियांना व आठ वर्षांखालील मुलांना ते देत नाहीत. आयसोट्रेटिनॉइन अल्प मात्रेत हट्टी रोगावर उपयोगी पडते, परंतु गर्भाला गंभीर विकृती आणणारे असल्याने स्त्रियांत गर्भनिरोधनाच्या खात्रीशिवाय वर्ज्य आहे.

नुसत्या लालीवर मात्र यांपैकी बहुतेकांचा फारसा प्रभाव पडत नाही. तिच्यासाठी ब्रिमोनिडीन (अमेरिकेत मान्यता २०१३) व ऑक्सिमेटाझोलीन (२०१७) ही वाहिन्या आकुंचित करणारी औषधे निघाली. ब्रिमोनिडिनाचा परिणाम अर्ध्या तासात सुरू होऊन सुमारे बारा तास टिकतो. एखाद्या समारंभापुरते ते सोयीचे असले, तरी परिणाम ओसरल्यावर काहींना पूर्वीपेक्षा अधिक लाली येते. वाहिनी आवळणे म्हणजे ती बरी करणे नव्हे, हा स्टेरॉइडांचा धडा येथेही लक्षात ठेवावा. किंचित हिरवट झाक असलेले प्रसाधन खाली लावल्यास लाल रंग दबतो. कोणतीही हानी न करणारा हा उपाय संकोचाने सांगितला जात नाही, हे योग्य नव्हे.

कायमच्या विस्फारलेल्या वाहिन्यांवर औषधाचा उपयोग होत नाही. तेथे लेसर किरण वापरतात [⟶ लेसर]. विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश अत्यल्प काळ सोडल्यास तो शोषणारा लक्ष्यपदार्थच तापतो व भोवतालचे ऊतक वाचते, हे तत्त्व अँडरसन व पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडले. हीमोग्लोबिनाने शोषल्या जाणाऱ्या ५८५–५९५ नॅनोमीटर तरंगलांबीचा रंजकद्रव्य-लेसर त्यावर आधारित आहे. परंतु हाच प्रकाश मेलॅनीनही शोषते, आणि सावळ्या त्वचेवर बेफिकिरीने वापरल्यास फोड येऊन काळे वा पांढरे डाग राहतात. म्हणून अशा त्वचेवर कमी ऊर्जा, त्वचा थंड ठेवण्याची व्यवस्था व लहान जागेवर आधी चाचणी आवश्यक असते. काही वेळा १,०६४ नॅनोमीटरचा, मेलॅनिनाने कमी शोषला जाणारा लेसर निवडतात. अनेक बैठका लागतात व खर्चही पुष्कळ येतो. नाक जाड झालेले असल्यास जादा ऊतक पात्याने, विद्युत् सुईने किंवा कार्बन डाय-ऑक्साइड लेसराने थराथराने उतरवितात. त्वक्‌स्नेह ग्रंथींची खोलवरची टोके शाबूत ठेवली म्हणजे त्यांपासूनच नवी बाह्यत्वचा वाढून काही आठवड्यांत जखम भरून येते.